डब्ल्यूटीओचा पुढचा महासंचालक: निवडीआधीची तयारी

जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) महासंचालक एन्गोझी ओकोंजो-इविआला यांची दुसरी मुदत ३१ ऑगस्ट २०२९ रोजी संपते. नियमाप्रमाणे निवडीचं काम मुदत संपण्याच्या नऊ महिने आधी सुरू होतं, म्हणजे डिसेंबर २०२८ च्या सुरुवातीला. ही यादी जिनिव्हात देशाची बाजू सांभाळणाऱ्यांसाठी आहे, तशीच त्यांना राजधानीतून सूचना पाठवणाऱ्यांसाठी आणि बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या पत्रकार-अभ्यासकांसाठीही.

नावांची चर्चा सुरू होण्याआधी संघटनेचं दुखणं कागदावर मांडा. दोन रकाने करा: महासंचालकाला काय करता येतं आणि फक्त सदस्य देशांनाच काय करता येतं. देशांमधल्या व्यापार-तंट्यांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपील मंडळाचं उदाहरण घ्या. तिथे सात जागा आहेत आणि एक अपील ऐकायला तीन जण लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुकांना संमती दिली नाही, त्यामुळे ११ डिसेंबर २०१९ पासून ते तीन जणही उरले नाहीत. हरलेला देश आजही बंद मंडळाकडे अपील करून निकाल लटकत ठेवू शकतो. महासंचालक कितीही खमका असला तरी हे मंडळ एकट्याने पुन्हा उभं करू शकत नाही, म्हणून ही बाब दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात सचिवालय येतं, उपमहासंचालकांची निवड येते, वाटाघाटींच्या समितीचं अध्यक्षपद येतं, आणि मंत्र्यांना एका खोलीत बसवून मसुदा पुढे रेटण्याची चिकाटीही येते. मत्स्य अनुदानाच्या, म्हणजे सरकारं मासेमारीला देतात त्या मदतीच्या, वाटाघाटी २००१ मध्ये सुरू झाल्या. करार झाला जून २०२२ मध्ये, तोही ठरलेल्या दिवसांच्या पुढे लांबलेल्या, सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत. अशा कामात माणूस कोण आहे याने फरक पडतो. हे दोन रकाने न केल्यास उमेदवाराकडून चमत्काराची अपेक्षा होते, आणि चमत्काराचं आश्वासन देणारा उमेदवार नको त्या कारणासाठी आवडू लागतो.

मग दिनदर्शिका. पहिला एक महिना नामांकनाचा. देशाला फक्त आपल्याच नागरिकाचं नाव देता येतं. पुढचे तीन महिने उमेदवारांनी सदस्यांना भेटायचे. त्यानंतरचे दोन महिने नावं कमी करत नेण्याचे. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी सर्वसाधारण परिषदेने, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या बैठकीने, निर्णय घ्यायचा असतो. हे वेळापत्रक कोलमडूही शकतं. तेव्हाचे महासंचालक रोबेर्तो आझेवेदो यांनी मे २०२० मध्ये वर्षभर आधीच पद सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि सगळं काही महिन्यांत कोंबावं लागलं. म्हणून देशाचे निकष डिसेंबरची वाट न पाहता मंजूर करून ठेवा.

प्रत्येक उमेदवाराची वेगळी फाइल करा. नियमांत चार अपेक्षा आहेत: आंतरराष्ट्रीय कामाचा व्यापक अनुभव, संघटनेच्या उद्दिष्टांशी बांधिलकी, नेतृत्व आणि व्यवस्थापनाची सिद्ध झालेली क्षमता, आणि संवादकौशल्य. कागदावर बहुतेक सगळे यात बसतात. खरा प्रश्न यांपैकी आत्ता कशाची टंचाई आहे, हा. २०२० मध्ये शेवटच्या दोघींपैकी दक्षिण कोरियाच्या यू म्युंग-ही मुरलेल्या व्यापार-वाटाघाटीकार होत्या. ओकोंजो-इविआला नायजेरियाच्या दोनदा अर्थमंत्री होत्या आणि जागतिक बँकेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं होतं. व्यापाराचा प्रत्यक्ष अनुभव नाही, हाच अमेरिकेचा त्यांच्यावरचा आक्षेप होता. आमचं मत स्पष्ट आहे: कलमं पाठ असलेले लोक जिनिव्हात भरपूर आहेत, ज्याचा फोन वॉशिंग्टन, बीजिंग आणि दिल्लीतले मंत्री स्वतः उचलतात, असा माणूस दुर्मीळ. फाइलमध्ये म्हणून पदांच्या जंत्रीपेक्षा याने कोणता अडलेला करार सोडवला, किती माणसांची संस्था चालवली, आणि स्वतःच्या सरकारला न आवडणारा निर्णय कधी घेतला, हे लिहा.

उमेदवार सगळ्या सदस्यांसमोर येतात त्या सुनावणीत २०२० साली प्रत्येकाला निवेदनासाठी १५ मिनिटं होती आणि प्रश्नोत्तरांसाठी ७५. इतक्या देशांमधून तुमच्या वाट्याला एखादाच प्रश्न येईल, तोही कदाचित येणार नाही. म्हणून तीन प्रश्न क्रमाने तयार ठेवा आणि मित्रदेशांशी वाटून घ्या. ‘तुमची दृष्टी काय?’ असं विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येतं. भारताच्या दृष्टीने सरकारी धान्यसाठ्याचा प्रश्न कळीचा: सरकारने ठरवलेल्या भावाने खरेदी करून साठवलेलं धान्य व्यापार-नियमांत कसं बसवायचं. २०१३ च्या बाली परिषदेत कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचं ठरलं, तो अजून निघालेला नाही. तरी ‘तुम्ही आमच्या बाजूने आहात का?’ हे विचारून उपयोग नाही. प्रामाणिक उमेदवार नाहीच म्हणेल. ‘पहिल्या सहा महिन्यांत कोणाला एकत्र बसवाल आणि अडलं तर पुढचं पाऊल काय?’ हे विचारा.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती बंद दाराआडच्या सल्लामसलतीला. सर्वसाधारण परिषद, तंटा निवारण मंडळ आणि व्यापार धोरण आढावा मंडळ यांचे अध्यक्ष एकेका देशाला बोलावून पसंती विचारतात. २०२० मध्ये पहिल्या फेरीत चार नावं सांगायची होती, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. आठ उमेदवारांचे पाच झाले, पाचाचे दोन. इथे हमखास होणारी चूक म्हणजे राजधानीतून एकाच नावाची सूचना येणं. ते नाव गळलं की पुढच्या फेरीत राजदूताच्या हाती काही नसतं. सूचना सुरुवातीलाच क्रमवार मागून घ्या: हा गेला तर तो, तोही गेला तर कोण, आणि कोणाला शेवटपर्यंत मान्यता द्यायची नाही. अध्यक्ष नुसती संख्या मोजत नाहीत, पाठिंबा किती पसरलेला आहे तेही पाहतात. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका, अतिअविकसित देश, विकसित देश यांत तुमच्या उमेदवाराला कुठे कोणी नाही, त्याचा तक्ता रोज अद्ययावत ठेवा.

निवड सगळ्यांच्या संमतीने होते, म्हणून एक देश अडून बसला तर काय, याचा वेगळा कागद हवाच. २८ ऑक्टोबर २०२० रोजी ओकोंजो-इविआला यांना सर्वाधिक पाठिंबा असल्याचं जाहीर झालं, अमेरिकेने विरोध केला आणि गाडी तिथेच रुतली. अखेरचा उपाय म्हणून मतदान नियमांत आहे, पण तो पायंडा पडू द्यायला सदस्य तयार नसतात. वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं, ५ फेब्रुवारी २०२१ ला यू यांनी माघार घेतली, १५ फेब्रुवारीला नेमणूक झाली. १९९९ मध्ये तर माइक मूर आणि सुपाचाई पानिचपाकदी या दोन उमेदवारांना तीन-तीन वर्षं वाटून द्यावी लागली. तसा तोडगा पुन्हा पुढे आला तर नाकारा: अर्ध्या मुदतीच्या प्रमुखाला बसण्याआधीच सगळे वाट पाहून टाळू लागतात.

अडलेल्या काळात खुर्ची कोणी सांभाळायची तेही आधी ठरवा. नियम एका उपमहासंचालकाला हंगामी प्रमुख करायला सांगतो. २०२० मध्ये त्यावरही एकमत झालं नाही, आणि १ सप्टेंबरपासून सहा महिने चौघा उपमहासंचालकांनी आपापली खाती सांभाळत संघटना चालवली. या वेळी पदावर असलेल्या उपमहासंचालकांपैकी तुम्हाला कोण चालेल, हे नाव नामांकनाच्या महिन्यातच राजधानीकडून लेखी घेऊन ठेवा.