जड कॉपी चालू असतानाही डेस्कटॉप अडखळू नये म्हणून

नागपुरात लग्नसराई सुरू झाली की फोटो स्टुडिओतील डेस्कटॉपची खरी कसोटी लागते. कॅमेऱ्याच्या कार्डांवरचे शूटिंग हार्ड डिस्कवर उतरत असते, त्याच मशीनवर अल्बमचे काम चाललेले असते, आणि मध्येच माऊसचा बाण हलतो पण क्लिक केलेले फोल्डर काही केल्या उघडत नाही. अशा वेळी प्रोसेसर बदलण्याचा विचार आधी सुचतो, परंतु प्रोसेसर बहुधा रिकामाच बसलेला असतो. फिरणारी हार्ड डिस्क विखुरलेल्या ठिकाणांच्या साधारण शंभरच मागण्या सेकंदाला पुऱ्या करू शकते. रांगेत कॉपीच्या मागण्यांची गर्दी असेल, तर त्या एका क्लिकला थांबावेच लागते. पुढील उपाय लिनक्ससाठी आहेत.

प्रथम खात्री करून घ्यावी. टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट (vmstat) ही आज्ञा चालवून 'डब्ल्यूए' (wa) हा रकाना, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, पाहावा. तो सतत चढा असेल तर अडचण डिस्कची आहे, आणि ती कोणत्या प्रोग्रॅममुळे आहे हे आयओटॉप (iotop) हा प्रोग्रॅम सांगतो. पुष्कळदा दोषी कॉपी नसून, नव्या फाइलींची सूची बनवत बसलेला इंडेक्सर निघतो. तो बंद करावा, एवढ्यानेच काम भागू शकते.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र लिहिण्याच्या साठ्याचा आहे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये साठवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. हा साठा उपलब्ध मेमरीच्या सुमारे १० टक्क्यांवर गेला की उतरवणे जोरात सुरू होते, आणि २० टक्क्यांवर पोहोचला की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवले जाते. १६ जीबी रॅम असेल तर हा साठा ३ जीबीच्या आसपास जातो, आणि सेकंदाला १० एमबी वेगाच्या पेनड्राइव्हवर तो रिकामा व्हायला पाच मिनिटे लागतात. म्हणून टक्केवारीऐवजी ठरावीक आकडे द्यावेत: कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग बदलणाऱ्या सिस-सीटीएलमध्ये (sysctl) उतरवणे सुरू करण्याची मर्यादा डर्टी बॅकग्राउंड बाइट्स (vm.dirty_background_bytes) ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि प्रोग्रॅमला थांबवण्याची मर्यादा डर्टी बाइट्स (vm.dirty_bytes) २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी. कॉपीचा दाखवला जाणारा वेग यामुळे कमी भासेल, परंतु तो खरा असेल. शिवाय उन्हाळ्यात वीज गेली आणि यूपीएसनेही दगा दिला, तर न उतरलेला मजकूर थोडाच वाया जाईल.

त्यानंतर डिस्कचा शेड्युलर, म्हणजे रांगेतील मागण्यांचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग, पाहावा. फिरणाऱ्या डिस्कसाठी, तसेच संथ साटा एसएसडीसाठी, २०१७ साली कर्नल ४.१२ मध्ये आलेला बीएफक्यू (BFQ) हा शेड्युलर निवडावा, कारण तो समोरच्या माणसाच्या छोट्या मागण्यांना झुकते माप देतो. वेगवान एनव्हीएमई (NVMe) प्रकारच्या एसएसडीला त्याची गरज नसते. तेथे 'नन' (none), म्हणजे शेड्युलरच नको, हाच पर्याय बरा. बीएफक्यू असेल तर बॅकअपसारखे काम, डिस्कसाठीचा अग्रक्रम ठरवणाऱ्या आयओनाइस (ionice) या आज्ञेच्या तिसऱ्या, म्हणजे 'आयडल', वर्गात (डिस्क मोकळी असेल तेव्हाच) चालवता येते. मात्र हा वर्ग मुख्यतः वाचण्याला लागू पडतो. रॅममधून मागाहून उतरणाऱ्या लिखाणावर त्याचा फारसा वचक राहत नाही. त्यासाठी कॉपी करणाऱ्या आरसिंक (rsync) या प्रोग्रॅमला बीडब्ल्यूलिमिट (--bwlimit) हा वेगमर्यादेचा पर्याय देऊन सेकंदाला ४० एमबीसारखी मर्यादा घालणे अधिक भरवशाचे.

एवढे करूनही मोठ्या कॉपीच्या मध्यावर वेग अचानक कोसळत असेल, तर डिस्क एसएमआर (SMR) प्रकारची आहे का ते मॉडेल क्रमांकावरून तपासावे. या प्रकारात चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असल्याने जुन्या जागी लिहिताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात, आणि त्यावर कोणतेही सेटिंग चालत नाही. अशी डिस्क साठवणीपुरती ठेवावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने डिस्कचे तापमानही पाहावे, कारण घरगुती डिस्कसाठी सहसा ६० अंशांची मर्यादा दिलेली असते. पण म्हणून कूलरचा दमट झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये.

खर्च करायचाच असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि होम फोल्डर एका लहान एसएसडीवर हलवावे व शूटिंगसाठी जुनी डिस्क स्वतंत्र ठेवावी.