शोकसभेची पत्रिका छापताना

आमच्या कोपरीच्या सोसायटीत कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो, "काकू, पत्रिका करून द्याल का?" आईची केली, मग सासऱ्यांची, तेव्हापासून हे काम चिकटलंय.

ए-फोर कागद, मधे एक घडी. चार पानं होतात, पुरेत. पुढे फोटो, नाव, तारखा, आत परिचय आणि कार्यक्रम, मागे पसायदान. नऊ ओव्या 14 पॉइंटात नीट बसतात. त्याहून बारीक नको, निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात.

खरा वेळ नावाला द्या. आईचं मी फक्त सासरचं नाव घातलं होतं. तेच हॉलच्या फलकावर. कळव्याची मावशी तो वाचून दुसऱ्याच कुणाची सभा समजून जिना उतरायला लागली. भावाने खालून हात धरून आणली. आता मी सासरचं नाव मोठं, त्याखाली माहेरचं आणि हाकेचं, तिन्ही घालते.

फोटो व्हॉट्सअॅपवर आला की आकसतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून मागवा. छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे 3 इंच रुंदीला 900. ग्रुप फोटोतून कापला तर खांद्यावर कुणाचा तरी हात उरतो. सासऱ्यांच्या फोटोत मी तो राहू दिला. व्याह्यांचा होता.

बोलणाऱ्यांची नावं छापू नका, नुसतं 'मनोगते' लिहा. ज्यांचं छापलं त्यांना ऐन वेळी बोलता येत नाही, ज्यांचं राहिलं ते वर्षभर रुसतात.

आपण मोबाइलवर टाइप करतो तो मजकूर युनिकोडात असतो, प्रेसच्या फॉन्टात जाताना त्याची जोडाक्षरं फुटतात. 'श्रद्धांजली'तला द्ध आणि 'कार्यक्रम'वरचा रफार आधी बघा. प्रूफ कागदावरच घ्या आणि शेजाऱ्याला वाचायला द्या. घरच्यांचे डोळे भरलेले असतात. सासऱ्यांचं मृत्यूचं साल चुकलेलं आम्हा सहा जणांना दिसलं नाही, तळमजल्यावरच्या कॉलेजच्या पोराला दिसलं.

प्रती दोन खुर्च्यांना एक धरा. पूर्वी वाईट बातमीचं पत्र वाचून फाडून टाकत. त्या सवयीची माणसं ही पत्रिका घरी नेत नाहीत, खुर्चीवर ठेवून जातात. वाईट वाटून घेऊ नका. गोळा करून आणा. न आलेल्या नातेवाइकांना द्यायला पुढे वर्षभर लागतात.