एडिंबरा फ्रिंजमध्ये पहिला सोलो शो: ५५ मिनिटं कशी बांधायची

एडिंबरा फ्रिंज म्हणजे स्कॉटलंडमध्ये दर ऑगस्टला भरणारा कला महोत्सव. तिथला स्टँड-अप कॉमेडीचा ‘तासाचा’ शो प्रत्यक्षात ५५ मिनिटांचा असतो. ऑगस्टभर एकाच खोलीत एकामागून एक शो लागलेले असतात. जुने प्रेक्षक बाहेर काढायचे, खुर्च्या सरळ करायच्या आणि नव्यांना आत घ्यायचं, हे सगळं मधल्या थोड्या वेळात उरकतं. तुम्ही पाच मिनिटं लांबलात, तर ती पुढच्या कलाकाराच्या वेळातून जातात. म्हणून घरी घड्याळ लावून म्हणताना मजकूर ४५ ते ४७ मिनिटांतच संपला पाहिजे. उरलेला वेळ हशा घेतो. मात्र पावसाळी मंगळवारी समोर आठच जण असले, की हशा आखूड होतो आणि शो लवकर आटोपतो. त्यासाठी चार-चार मिनिटांचे दोन सुटे तुकडे राखून ठेवा. ते कुठेही बसावेत, आणि पुढचा कुठलाही विनोद त्यांच्यावर टेकलेला नसावा.

ओपन माइकवर, म्हणजे कुणालाही सादर करता येईल अशा मंचावर, घासून तयार केलेले वीस मिनिटांचे तीन सेट जोडले की शो झाला, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. क्लबमध्ये दर पंधरा-वीस सेकंदांनी हशा लागतो. तीच लय तासभर चालली, तर पस्तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला लोक गळतात. तिथले विनोद वाईट नसतात, ऐकणारे दमलेले असतात. या जागी लय बदला: एकच लांब किस्सा सांगा, स्टूलवर बसा, आवाज खाली आणा. इथे घरातलं दुःख सांगायची फ्रिंजमध्ये प्रथाच पडली आहे, पण शोच्या विषयातून ते आपसूक येत नसेल तर घालू नका. प्रेक्षकांना जोड लगेच दिसतो. शेवटी जो कॉलबॅक (आधीच्या विनोदाची पुन्हा काढलेली आठवण) वापरायचा आहे त्याचं बी पहिल्या दहा मिनिटांत पेरा आणि मध्ये एकदाच त्याला हलका स्पर्श करा. दोनतीनदा केलात, तर शेवट आधीच ओळखला जातो.

भारतीय मजकूर तिथे चालतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या उरूज अशफाकला एडिंबरा कॉमेडी अवॉर्ड्सचा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. पण ‘सोसायटीचे सेक्रेटरी’ म्हटल्यावर पुण्यात जो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, तो तिथे राहत नाही. ‘पार्किंगवर राज्य करणारे निवृत्त काका’ एवढं पुरे. खुलासा एका वाक्यापलीकडे गेला, तर तो तुकडा काढून टाका.

पहिल्या वर्षी चाळीस-पन्नास खुर्च्यांची खोली घ्या, आणि शक्यतो मोफत प्रवेशाची, जिथे लोक जाताना बादलीत पैसे टाकतात. प्लेझन्स, असेंब्ली, अंडरबेली, गिल्डेड बलून या तिकीट लावणाऱ्या जागांचं नाव मोठं, पण तिकीटविक्रीत वाटा द्यावा लागतो आणि बऱ्याचदा किमान रकमेची हमीही. शिवाय शंभर खुर्च्यांत पसरलेल्या तीस जणांचा हशा एकत्र येत नाही. चाळीस खुर्च्यांत तेच तीस जण खोली भरून टाकतात. मागच्या रांगा दोरी लावून बंद ठेवा.

छापील कार्यक्रमपत्रिकेची मुदत ऑगस्टच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे शो लिहून व्हायच्या आत नाव द्यावं लागतं, तेव्हा ते एखाद्या विनोदाला बांधू नका. फ्रिंज ब्रिटनच्या परमिट-फ्री महोत्सवांच्या यादीत असते, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर शो करून मानधन घेता येतं; तरी अर्जापूर्वी चालू वर्षाची यादी पाहाच.

जाण्याआधी किमान दहा प्रिव्ह्यू (चाचणी प्रयोग) करा आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग ऐका. तीन प्रिव्ह्यूंत जिथे शांतताच राहिली, ते वाक्य कापा. लाइट आणि साउंडचे क्यू, म्हणजे बदलाचे इशारे, सहा-सातच ठेवा. तंत्रज्ञ दिवसभर अनेक शो सांभाळतो आणि तालीम बहुधा एकदाच मिळते. क्यू-शीटवर ‘किस्सा संपल्यावर’ असं मोघम नको. ज्या शब्दानंतर दिवे बदलायचे, तो शब्दच लिहा.

रॉयल माइल या एडिंबरामधल्या जुन्या रस्त्यावर फ्लायर वाटताना शोचं एकच वाक्य, वेळ आणि जागा सांगा. शोच्या आधीच्या दोन तासांत दिलेला फ्लायर सर्वांत उपयोगी, कारण संध्याकाळपर्यंत लोकांच्या खिशात असे वीस कागद जमलेले असतात. रोज एवढं बोलून घसा बसतो, म्हणून महिन्यात निदान एक दिवस सुट्टी आधीच ठरवून घ्या.

पैशांचं आवाहन शेवटच्या पंचलाइननंतर, टाळ्या थांबायच्या आत, चाळीस सेकंदांत उरका. लोक उठले की उशीर झाला. मग बादली आणि चार्ज केलेला कार्ड-रीडर घेऊन त्यांच्या आधी दारात पोहोचा.