विकिपीडियावर एका आकड्यावरून जुंपली तर काय करायचं

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. इथवर कुणाची हरकत नसते. मृतांचा आकडा आला की जुंपते. एक जण ७,९२८ लिहितो, दुसरा ९,७४८ करतो, तिसरा 'दहा हजारांहून अधिक' लिहून मोकळा होतो. तिघांचीही खात्री असते की आपण लेख दुरुस्त केला. मराठवाड्यावरच्या लेखांत वादाच्या अशा जागा ठरलेल्या आहेत. खातं कसं काढायचं, 'संपादन' कुठे दाबायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी इतिहास

लेखाचा 'इतिहास' उघडा आणि शेवटच्या दोन-तीन आवृत्त्यांतला फरक पाहा. बघायची गोष्ट एकच: आकड्याबरोबर संदर्भही बदललाय का? पुष्कळदा आकडा बदललेला असतो आणि त्याच्या पुढची तळटीप जुनीच असते. म्हणजे तळटीप उघडली तर तिच्यात भलताच आकडा. हे बांध कोरण्यासारखं आहे. एका वेळी वीतभरच जातं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. असा बदल बिनदिक्कत उलटवा, पण आढाव्याच्या चौकटीत (जतन करण्याआधी बदलाचं कारण लिहायची जागा) कारण लिहा: 'आकडा बदलला, संदर्भ जुनाच आहे, त्या संदर्भात ७,९२८ आहे.' चौकटीत ५०० अक्षरं मावतात. नुसतं 'दुरुस्ती' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

उलटवा एकदाच

इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खातं रोखलं जाऊ शकतं. त्यावरून काही जण असं धरतात की तीनदा उलटवणं हा आपला हक्कच आहे. तसं नाही. एकदा उलटवलं, समोरच्यानं परत तेच केलं, की हात मागे घ्या. चुकीचा आकडा आठवडाभर लेखात राहिला तर राहू द्या. ओढाताण चालूच राहिली तर प्रचालक (पान किंवा खातं रोखण्याचे अधिकार असलेले सदस्य) पान कुलूपबंद करतात आणि त्या क्षणी जी आवृत्ती असेल तीच राहते; ती तुमची असेलच असं नाही. कोणता आकडा खरा हे ठरवणं प्रचालकाचं काम नव्हे. त्यामुळे 'याला ब्लॉक करा' म्हणून एवढ्यात त्यांच्याकडे धावण्यात अर्थ नाही.

संदर्भ मुळापासून तपासा

गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, सरकारी अहवाल, संशोधनपत्रिका, त्या दिवसांतली वर्तमानपत्रं. या क्रमाला नियमाचं बळ नाही, पण उपयोगी आहे. खरी फसगत बातम्यांच्या संकेतस्थळांवर होते. दर वर्षी ३० सप्टेंबरला 'त्या काळरात्री' छापाचे लेख येतात आणि त्यांतले कित्येक आकडे विकिपीडियावरूनच उचललेले असतात. मग तीच बातमी कुणीतरी विकिपीडियाला संदर्भ म्हणून डकवतो. ओळखायचं कसं? ते वाक्य लेखात पहिल्यांदा कधी आलं ते इतिहासात शोधा आणि बातमीची तारीख पाहा. वाक्य जुनं, बातमी नवी, आणि शब्दरचना सारखी असेल तर तो संदर्भ बाद.

चर्चा पान: इथेच बिघडतं

प्रत्येक लेखाला जोडलेलं एक चर्चा पान असतं, लेखाबद्दल बोलायचं ते तिथे. बहुतेक सल्ले 'चर्चा पानावर सहमती घडवा' एवढं सांगून थांबतात. याचा काही उपयोग नाही. चर्चा पानावर माणसं 'खरा आकडा कोणता' यावर भांडतात आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतच नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा आकडा कुणी मोजला, आणि कशात छापला? पुनर्वसनाच्या सरकारी कागदपत्रांत ७,९२८ सापडतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८ आहे. दोन्ही छापील आहेत, दोन्ही तपासता येतात. मग त्यातला एक निवडायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि समोरच्यालाही नाही.

म्हणून पहिल्याच टिपणीत वाद घालू नका, वाक्य द्या. नवा विभाग काढा. मथळा 'मृतांचा आकडा' एवढाच; 'खोटी माहिती कोण घुसवतंय?' असा मथळा दिलात तर पुढचं कुणी वाचत नाही. खाली असं लिहा:

'नमस्कार. लेखात सध्या एकच आकडा आहे. दोन वेगळे आकडे छापील संदर्भांत मिळतात. पुढील वाक्य सुचवतो: "मृतांच्या आकड्यांत तफावत आहे, पुनर्वसनाच्या सरकारी कागदपत्रांत ७,९२८, तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८ असा आकडा आहे." माहितीचौकटीत दोन्ही आकडे तळटिपांसह ठेवावेत. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.'

शेवटी चार तरंगचिन्हं (~~~~) टाकून सही. समोरच्याच्या सदस्यनावाचा दुवा आणि तुमची सही एकाच संपादनात असली तरच त्याला सूचना जाते. सही विसरलात आणि नंतर जोडलीत तर जात नाही. 'मी विचारलं, पण उत्तरच नाही' या तक्रारीमागे कैकदा एवढंच असतं. खातं न काढता फोनवरून लिहिणाऱ्याला निरोप पोचेलच याचा भरवसा नाही, म्हणून मजकूर लेखाच्या चर्चा पानावरच ठेवा, कुणाच्या वैयक्तिक पानावर नको.

तडजोड म्हणून सरासरी काढू नका. ८,८३८ हा आकडा कुणीच मोजलेला नाही. 'सुमारे नऊ हजार' हीसुद्धा तीच पळवाट. भूकंपाच्या तीव्रतेचंही असंच: ६.२ आणि ६.४ दोन्ही छापलेले सापडतात, कारण संस्था वेगळी आणि मापनपद्धतही वेगळी. बातम्यांत सरसकट 'रिश्टर' म्हणतात म्हणून तुम्हीही लिहू नका. संदर्भात जी मापनपद्धत दिली असेल तीच लिहा.

आता सर्वांत अवघड उत्तर: 'आम्ही तिथलेच आहोत, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.' इथे नियमांची यादी तोंडावर फेकणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. लिहिणाऱ्याच्या घरातलं माणूस त्या रात्री गेलेलं असू शकतं. 'तुमचं म्हणणं खोटं ठरवत नाही. वाचणाऱ्याला पडताळता येईल असं काही छापील आहे का, गावाची स्मरणिका, पुनर्वसनाची यादी?' असं विचारा. पुस्तक हाताशी असेल तर प्रकाशक, वर्ष, पानक्रमांक आणि नेमकी ओळ मागा. पानांचे फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांचा सामायिक साठा) चढवायला सांगू नका. प्रताधिकाराच्या कारणावरून ते काढून टाकले जातात.

आणि गावातली पोरं गोळा करून 'सहमत, सहमत' लिहून घेऊ नका. सहमती म्हणजे मतमोजणी नव्हे. एकाच फोनवरून चार खाती चालवली तर ती लक्षात येतात आणि चारही जातात.

नावांचा घोळ

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं नामांतराला मंजुरी दिल्यावर अनेकांनी 'उस्मानाबाद' शोधून सरसकट 'धाराशिव' केलं. त्यात जुन्या गॅझेटियरचं नावही बदलतं, चित्रांच्या फाइलींची नावं बदलून चित्रं गायब होतात, दुवे तुटतात. १९९३ च्या घटनेत 'उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा' लिहा. ग्रंथाचं नाव छापलं असेल तसंच ठेवा.

सात दिवसांनंतर

हरकत आली नाही तर सुचवलेलं वाक्य टाका, आढाव्यात 'चर्चा पानानुसार' लिहा. हरकत आली आणि दोघांतच अडकली तर चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेचं पान) चार तटस्थ ओळींत मांडा, बाजू न घेता. आकड्याला लागून संपादन चौकटीत <!-- बदलण्याआधी चर्चा पान पाहा --> अशी टीप ठेवा. ती वाचकाला दिसत नाही, बदलायला आलेल्याला दिसते. लेख पहाऱ्याच्या सूचीत (तिथल्या लेखांतले बदल तुम्हाला दिसत राहतात) टाका आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक चक्कर मारा, कारण स्मृतिदिनाच्या आसपास आकडा पुन्हा बदलला जातो.