खाऱ्या वाऱ्यात गंजलेले ब्रेक पाइप बदलताना

आमची १९९८ची मारुती ८०० देवगडात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. तीन वर्षांपूर्वी फोंडा घाट उतरताना पेडल अचानक निम्म्याच्या खाली गेलं. ब्रेक ऑईलचे दोन सर्किट (मार्ग) वेगळे असतात, म्हणून अर्धा ब्रेक शिल्लक राहिला आणि आम्ही वाचलो. खाली वाकून पाहिलं तर मागच्या पाइपला कुणीतरी रबरी नळीचा तुकडा क्लिपा आवळून जोडलेला होता आणि तो निसटला होता. जोरात ब्रेक दाबला की त्या पाइपात टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब येतो. तिथे रबरी नळी, एम-सील, झाळकाम काहीही चालत नाही. गंजलेला पाइप एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंत अख्खा बदलायचा.

आधी बॅटरी घेऊन गाडीखाली जा. पाइप क्लिपांपाशी आणि मागच्या ॲक्सलवर सर्वांत जास्त सडतो, कारण तिथे खारी माती अडकून ओली राहते. तारेच्या ब्रशने घासा. नुसता तांबूस रंग असेल तर हरकत नाही. नख फिरवल्यावर खड्डे लागले की पाइप गेला समजा.

गाडी सपाट जागी, चाकांना दगड, आणि जॅकवर कधीही भरवसा ठेवू नका, खाली भक्कम स्टँड हवेतच. नटांवर दोन दिवस आधीपासून संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. साध्या फिक्स पान्याने नटाच्या कडा गोल होतात. चिरलेल्या रिंगचा फ्लेअर नट पाना घ्या, माझ्या गाडीला १० नंबरचा लागतो. तरीही हलेना तर पाइप नटाला लागून कापा आणि सहा कोनी सॉकेट घाला. पाइप तसाही फेकायचाच आहे.

जुन्या पाइपाचा आकार मोडू न देता तो काढा, तोच नमुना. लांबी सुतळीने मोजा. नवा पाइप मी तांबे-निकेलचा घेतो, पावणेपाच मिलिमीटर जाडीचा. खाऱ्या हवेत टिकतो आणि हाताने वळतो. निव्वळ तांब्याचा घेऊ नका, कंपनांनी कडक होऊन तडकतो.

खरं कौशल्य तोंडाला आहे. पाइप कटरने कापा, आतली कड साफ करा, आणि नट आधी ओवा (हे विसरलं की सगळं पुन्हा). फ्रिजवाल्यांकडचं साधं फ्लेअर (पाइपाचं फुलवलेलं तोंड) इथे चालत नाही; माझ्या गाडीला डबल फ्लेअर आहे. पाइप फ्लेअर करायच्या टूलच्या साच्यात घट्ट धरा आणि अडॅप्टरच्या (टूलसोबतच्या पायरीदार तुकड्याच्या) पायरीइतकाच बाहेर ठेवा. तोंडाला ब्रेक ऑईलचा थेंब लावून अडॅप्टर दाबलात की ते अळंबीसारखं फुगतं. अडॅप्टर काढून टूलचा शंकू दाबला की तीच कड आत दुमडते आणि दुहेरी भिंतीचं नरसाळं तयार होतं. तिरकं झालं किंवा बारीक चीर दिसली तर कापून पुन्हा करा. पहिले चार मी फेकले होते. काही गाड्यांना बबल फ्लेअर (नुसतं फुगवलेलं, आत न दुमडलेलं) असतं. जुन्या पाइपाचं तोंड बघून तसंच करा.

पाइप फुंकून बसवा. नट आधी बोटांनी फिरवा, मग पाना. टेफ्लॉन टेप अजिबात नको. सगळ्या क्लिपा जागच्या जागी लावा, लोंबता पाइप घासून फाटतो.

आता पाइपात शिरलेली हवा काढायची. ब्रेक ऑईल कुठलं ते त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डबा नवा फोडा; उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो. कुठल्या चाकापासून सुरुवात ते मॅन्युअलात बघा. माझी मुलगी पेडलवर बसते. "दाबलं, बाबा," म्हणाली की मी निपल (चाकामागचा हवा काढायचा स्क्रू, त्याला नळी लावलेली) सोडतो, बुडबुडे नळीतून जाऊ देतो, निपल आवळतो आणि मगच "सोड" सांगतो. मधेमधे टाकी भरत राहा, रिकामी झाली की पुन्हा हवा जाते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावा. ओला झाला तर गाडी हलवायची नाही. मी आधी अंगणात, मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा कागद लावून बघतो.