बेंच प्रेसच्या स्पर्धेत या चुका टाळा: वजन गेलं, तरी लाल दिवा का?

जळगाव, भुसावळ, धुळ्याची पोरं ताकदीत कमी नाहीत. तरी बेंच प्रेसच्या (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलायच्या) स्पर्धेत वजन पूर्ण वर नेऊन लाल दिवे, म्हणजे पंचांचा 'बाद'चा इशारा, बघतात आणि मग "भाऊ, वजन तर गेलं ना!" म्हणत पंचांशी वाद घालतात. घोळ आधीच झालेला असतो. जिममध्ये हुकूम द्यायला कुणी नसतं.

स्पर्धेत पंचांचे हुकूम तीन: स्टार्ट (खाली आणा), प्रेस (वर ढकला), रॅक (बार स्टँडवर ठेवा). बार घेतला की कोपरं लॉक (पूर्ण सरळ) करून थांबा, स्टार्टनंतरच खाली आणा. खरी गोची छातीवर होते. टच अँड गोची, म्हणजे बार छातीला टेकताच न थांबता वर ढकलायची, सवय असलेला प्रेसच्या आधीच ढकलतो. काही जण 'दोन सेकंद थांब' असं शिकवतात, तेही चूक. सेकंद ठरलेले नाहीत. बार स्थिर दिसला की हुकूम येतो. दुसरी फसगत म्हणजे बार टेकल्यावर अंग सैल सोडणं. बार छातीत आणखी रुतला की लिफ्ट बाद. सरावात जोडीदाराला हुकूम द्यायला लावा, आणि त्याने कधी लगेच द्यावा, कधी ताटकळत ठेवावं. वर लॉक झाल्यावरही रॅक ऐकू येईपर्यंत बार हातातच.

२०२३ पासून आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या) नियमात बार छातीवर असताना कोपराचा खालचा भाग खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यावा लागतो. पाठीची मोठी कमान आणि रुंद पकड असणाऱ्यांनी बाजूने व्हिडिओ काढून बघावाच. दोन तर्जन्यांमधलं अंतर ८१ सेंटिमीटरपर्यंतच चालतं. अंगठा बारभोवती हवाच. तो मोकळा ठेवण्याची फॅशन जिममध्येही नको.

डोकं, खांदे, बूड बाकावर आणि अख्खा तळवा जमिनीवर. टाचा उचलणाऱ्यांनी ही सवय आजच मोडावी. पाय पोहोचत नसतील तर ३० सेंटिमीटरपर्यंतचा ठोकळा मागता येतो.

मे महिन्यात आपल्याकडच्या हॉलमध्ये घामाने पाठ सरकते आणि बांधलेली कमान तिथेच सुटते. टी-शर्टच्या पाठीवर चॉक (पकडीसाठीची पांढरी पावडर) लावा. तेल, क्रीम लावून येऊ नका, त्याला बंदी आहे.

पहिलं वजन हुकमावर आरामात जाणारं सांगा. चुकलं तरी पुढच्या प्रयत्नात ते कमी करता येत नाही. आणि तिन्ही प्रयत्न बाद झाले, तर स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट अशा तिन्ही प्रकारांच्या स्पर्धेत स्क्वॉट कितीही मोठा मारलेला असो, टोटल (तिन्हींची बेरीज) मिळत नाही.