अ‍ॅम्प-स्पीकर घेताना 'मेड इन' कसं वाचायचं

लाखभर रुपयांचे स्पीकर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न हाच टाकतो, ओरिजिनल इंग्लंडचे आहेत ना, चायनाचे नकोत. मी पण कैक वर्षं हेच विचारायचो आणि दुकानदार गोड हसून 'ब्रिटिश ब्रँड आहे सर' म्हणायचा, म्हणजे खोटं काही बोलला नाही आणि खरं पण सांगितलं नाही.

तर पहिलं काम, ब्रँडचा देश विसरा आणि तुम्ही घेताय त्या मॉडेलचं गाव शोधा. केईएफ घ्या, १९६१ साली रेमंड कुकने केंटमधल्या मेडस्टोनला सुरू केली, १९९२ ला हाँगकाँगच्या गोल्ड पीकने विकत घेतली. ब्लेड आणि रेफरन्स हे महागडे स्पीकर अजून मेडस्टोनलाच बनतात पण सगळ्यांचा लाडका एलएस५० येतो चीनमधून. बोवर्स अँड विल्किन्सचं पण तसंच, ८०० सिरीज वर्दिंगला आणि ६०० सिरीज चीनमध्ये. डायनऑडिओचं उलटं आहे, २०१४ पासून मालक चिनी, गोअरटेक, पण वरचे मॉडेल डेन्मार्कमध्ये स्कॅनडरबॉर्गलाच बनतात. आणि व्हार्फडेल, क्वाड, मिशन, ऑडिओलॅब ही सगळी अस्सल इंग्लिश नावं आयएजी नावाच्या एकाच चिनी ग्रुपकडे आहेत. त्यांचा चीनमध्ये स्वतःचा मोठा कारखाना आहे, ड्रायव्हर (स्पीकरमधला आवाज काढणारा भाग) आणि कॅबिनेट तिथेच बनतात. मला विचाराल तर स्वतःचा कारखाना आहे की बाहेरून जॉबवर्क करून घेतात, हा प्रश्न देशापेक्षा जास्त कामाचा.

हे कळणार कसं? ब्रोशर बघू नका, त्यात 'डिझाइन्ड इन लंडन' एवढंच ठळक असतं. खोका उलटा करा. इम्पोर्टेड मालाच्या खोक्यावर लीगल मेट्रॉलॉजीच्या नियमानुसार कुठल्या देशात बनला, इम्पोर्टर कोण, त्याचा पत्ता आणि एमआरपी हे सगळं छापलेलं किंवा स्टिकरवर असायला लागतं. स्टिकरच नसेल तर माल कोणाच्या तरी बॅगेतून, अधिकृत इम्पोर्टर टाळून आलाय असं समजा आणि वॉरंटी विसरा.

आता जास्तीचे पैसे कुठे द्यायचे. माझा हिशोब असा की ज्या वस्तूत हाताचं काम जास्त तिथे गाव बघायचं आणि जिथे सगळं मशीन करतं तिथे नाही बघायचं. डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारा), स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा), छोटा क्लास डी (कमी वीज खाणारा) अ‍ॅम्प यांच्या बोर्डावर पार्ट बसवणारं मशीन शेंझेनमध्ये असो नाहीतर कॅलिफोर्नियात, ते सारखंच बसवतं, आणि चिप तर कोणाचीच घरची नसते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओकाला डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली तर जगभरच्या डॅकवाल्यांची पळापळ झाली, कित्येकांनी दुसऱ्या कंपनीची चिप घालून मॉडेल नव्याने डिझाइन केले, त्यात महागडे ब्रँड पण होते. म्हणून टॉपिंग, एसएमएसएल वगैरे चिनी कंपन्यांचे डॅक घेताना मी 'चायनीज' म्हणून नाक मुरडत नाही.

टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारं यंत्र), कार्ट्रिज (त्याच्या सुईचा भाग), मोठे स्पीकर यांचं तसं नाही. बेअरिंगचा फिट, आर्मची जुळणी, कॅबिनेटचं व्हिनीर, ड्रायव्हरच्या जोड्या लावणं, इथे वर्षानुवर्षं तेच काम करणारी माणसं लागतात. टर्नटेबल बनवणारी रेगा १९७३ पासून आहे, इसेक्समधल्या साउथएंडला, आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनर १ सुद्धा तिथेच बनतो, म्हणजे लोकल म्हणजे महागच असं पण नाही. माझं आवडतं उदाहरण मात्र प्रो-जेक्टचं. कंपनी ऑस्ट्रियाची, १९९१ ची, पण टर्नटेबल बनतात चेकमधल्या लिटोवेलला. तिथे कम्युनिस्ट काळापासून टेस्ला कंपनी (गाड्यांची नव्हे) टर्नटेबल बनवायची, तो कारखाना आणि ती माणसं आयती मिळाली, मजुरी पण व्हिएन्नापेक्षा कमी. याला ओव्हरसीज म्हणायचं का लोकल तुम्हीच ठरवा.

ट्यूब अ‍ॅम्पवाल्यांनी तर हा वाद घालूच नये. अ‍ॅम्प कुठेही बनवा, ट्यूबा बहुतेक करून रशियातल्या सारातोवच्या, स्लोव्हाकियाच्या जेजेच्या नाहीतर चीनच्या. २०२२ ला युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यात थांबवली तेव्हा भाव कसे उडाले ते गिटारवाल्यांना विचारा, त्यांच्या अ‍ॅम्पमध्येही ट्यूबाच असतात. 'स्विस मेड'लाही २०१७ पासूनच्या नियमाने निर्मितीखर्चाचा निदान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडचा असला आणि निर्मितीतलं महत्त्वाचं एक काम तिथे झालं की पुरतं, उरलेला कुठूनही येऊ शकतो.

आपल्याकडचं बघायचं तर कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे, पुण्याच्या कॅडेन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलवाले (पातळ पडदा हलवून आवाज काढणारे) स्पीकर बनवले, केरळमधून रेथमचे स्पीकर बाहेर जातात. यांचे ऐकून तरी या, कारण बाहेरच्या स्पीकरचं निम्मं भाडं आतल्या हवेचं असतं, आणि त्या भाड्यासकट किमतीवर कस्टम्स, त्याच्यावर परत आयजीएसटी, मग इम्पोर्टरचा आणि दुकानदाराचा वाटा. तेवढे पैसे ड्रायव्हर-कॅबिनेटमध्ये गेलेले बरे.

शेवटी सर्व्हिस. माझ्या मित्राने न्यू जर्सीच्या मेहुण्याकडून अमेरिकन अ‍ॅम्प मागवला, अस्सल तिकडे बनलेला, तीस किलोचा, आणि इथे सरळ प्लग लावला. आत १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, आपल्याकडे २३०. फट्‌. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या मिस्त्रीने ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला पण त्यात चार महिने गेले आणि वर थोडा हम (सततची घुं-घुं) राहिलाच. त्यामुळे मागचं लेबल वाचताना देशाच्या आधी व्होल्टेज वाचा, जपानचा सेकंडहँड असेल तर १०० असतं. दुकानदाराला सरळ विचारा की बोर्ड गेला तर पार्ट बदलता की अख्खं मॉड्यूल, आणि ते इथे स्टॉकमध्ये असतं का बाहेरून येतं, किती दिवसांत. गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा. आणि खोका, आतल्या थर्मोकोलसकट, माळ्यावर ठेवा, बायको कितीही ओरडली तरी, सर्व्हिसला पाठवायची वेळ आली की त्याशिवाय कुरिअरवाला हात लावत नाही.